बसलेल्यावर वार

कोणी विचारलं की काम काय करतोस, तर मी सांगतो, कॉम्प्युटरवर मारामाऱ्या लावतो. गावात एवढ्या उत्तरावर भागतं. आईला अजूनही वाटतं की पोराने इंजिनीअरिंग करून व्हिडिओचं कसलंसं दुकान मांडलंय. खरं काम असं आहे: पुण्याची एक कंपनी तलवारी, जादू, राक्षस, जंगलं असले मोठमोठे गेम बनवते. त्यात खेळाडूने वार केला की समोरच्याला किती लागेल, तो कधी पडेल, पडताना कसा ओरडेल, हे मी ठरवतो. कोरोनात घरून काम सुरू झालं तेव्हा तापीकाठच्या आमच्या गावी परत आलो, माडीवरच्या खोलीत दोन स्क्रीन मांडून बसलो, तो आजतागायत तिथेच आहे. खालून केळीचे ट्रॅक्टर जातात आणि वर मी माणसं मारायचे आकडे जुळवत असतो.

या कामात मी एका म्हाताऱ्याचं एक वाक्य नासवलं. चार पाड्यांतली भांडणं त्या एका वाक्यावर थांबायची. आता ते वाक्य कानावर पडलं की पोरं हसतात. हे मी केलं, आणि मन लावून केलं. कोणाला माझी दया यावी म्हणून हे सांगत नाही. येऊच नये.

तो म्हातारा म्हणजे आमचा मामा. आमच्याकडे डोंगरातून आलेल्या माणसाला सगळेच मामा म्हणतात. बाजारात व्यापारी 'ये मामा' म्हणाला की समजायचं, आता मापात मारणार. माझं मामा म्हणणं वेगळं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. तो आमच्याकडे सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. अकरा वर्षं होता. मला पोहायला त्याने शिकवलं, बैलाला हाकायला त्याने शिकवलं, आणि वडिलांनी बदडलं की मी रडायला त्याच्याच झोपडीत जायचो. पुढे तो खापर गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याचा पाडा आहे तिकडे परत गेला. घरची जमीन करू लागला. वय झालं तसं लोक त्याला भांडणं तोडायला बोलवू लागले.

भांडण तोडायची त्याची रीत मी लहानपणी एकदाच डोळ्यांनी पाहिली. आमच्या शेतात ऊसतोडीच्या दोन टोळ्या आल्या होत्या. कशावरून पेटलं आठवत नाही, पण कोयते निघाले. वडील बांधावरून काठी घेऊन आरडाओरडा करत होते आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. मामा हातातलं काम टाकून चालत गेला, दोन टोळ्यांच्या बरोबर मध्ये, आणि उसाच्या पाचटावर मांडी घालून बसला. मोठ्याने नाही, रोजच्या आवाजात म्हणाला, "मी बठनू. आते बोलूत." मी बसलो, आता बोलू. एवढंच. बसलेल्या माणसावर हात उचलायचा नाही, हे डोंगरातल्या लोकांत इतकं पक्कं की दोन्हीकडचे लोक एकेक करून खाली बसले. बसल्यावर बोलणं झालं, दंड ठरला, बोकड कापला, मोहाची निघाली. त्यानंतर तो विषय कोणी काढायचा नाही अशी रीत. दुसऱ्या दिवशी दोन्ही टोळ्या शेजारीशेजारी ऊस तोडत होत्या.

पाड्यावर तो हेच त्याच्या भिलीत म्हणायचा. त्याच्या भरवशावर त्या चार पाड्यांतला माणूस अक्कलकुव्याला वकील शोधत कधी गेला नाही. त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतं. दोन बैल, थोडी उताराची जमीन आणि हे वाक्य.

आता माझ्या धंद्याचं सांगतो. सकाळी उठून खेळाडूंच्या तक्रारी वाचणं हे माझं पहिलं काम. चहा आणि शिव्या बरोबरच घशाखाली जातात. कोणी लिहितो, एका राक्षसाला चाळीस वार घातले तरी हलत नाही, मी तलवार चालवतोय की गोधडी झटकतोय? कोणी लिहितो, पंच्याण्णव टक्के नेम लागेल असं पडद्यावर लिहिलंय आणि तरी हुकतो, काय थट्टा लावलीय? कोणी विचारतो, माझी ताकद वाढली की रस्त्यावरच्या भटक्या कुत्र्याची ताकदसुद्धा कशी वाढते, मग मी वाढलो कशाला? त्याचं बरोबरच आहे. शेकोटीपाशी पोचल्याशिवाय गेम सेव्ह होणार नाही असा नियम कोणीतरी मोठ्या शहरात बसून करतो. त्याच्या घरी लोडशेडिंग नसतं. आमच्या गावात मी स्वतः तो नियम तीनदा भोगलाय आणि त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरल्यात.

या धंद्यात पहिल्या वर्षी एक गोष्ट कळते. हरलेला खेळाडू चिडत नाही, फसवलेला चिडतो. म्हणून आम्ही त्याला त्याच्या बाजूने फसवतो. पडद्यावर सत्तर टक्के लिहायचं आणि आत ऐंशी धरायचे, कारण माणसाला सत्तर म्हणजे नक्कीच वाटतं. पडद्यावरची त्याच्या जिवाची पट्टी संपत आली की तिचा शेवटचा तुकडा मुद्दाम चिवट ठेवायचा, म्हणजे 'थोडक्यात वाचलो बुवा' म्हणून तो खूश. मागून येणाऱ्या शत्रूचा पहिला वार मुद्दाम हुकवायचा. असली खोटी कामं मी सात-आठ वर्षं इमानेइतबारे केली. त्यात मी हुशार आहे, हे आमच्या कंपनीत कोणीही सांगेल.

पण एका गोष्टीचा मला वीट आला होता. मारामारी कशीही लावा, शेवट एकच. समोरचा मरतो, त्याच्या अंगावरून पैसे आणि ताईत गळतात, पुढे चला. एका दुपारी मी मीटिंगमध्ये म्हणालो, समोरचा बसला तर? त्याची ताकद पाचव्या हिश्श्यावर आली की त्याने शस्त्र ठेवावं आणि बसावं. खेळाडूने जवळ जावं, आपलंही शस्त्र ठेवावं, समोर बसावं. मग बोलणं. तो वाट दाखवेल, दंड देईल, आणि त्याचा पाडा पुन्हा कधी वाटेत आडवा येणार नाही. मारलं तर मात्र सगळा पाडा कायमचा वैरी. मीटिंगमध्ये सगळ्यांनाच ते फार आवडलं. असं कुठे झालंच नाही म्हणाले. हे कुठून सुचलं असं विचारलं, तर मी म्हणालो, आमच्याकडचं आहे. आमच्याकडचं! आयजीच्या जिवावर बायजी उदार. माझ्या बापजाद्यांत कोणी कधी मातीत बसून भांडण तोडलेलं नाही, आम्ही काठीवाले लोक.

एकदा द्यायला लागलो तसा देतच सुटलो. तीरकामठं कसं धरतात, बांबूच्या कामटीची दोरी कशी ताणतात, सगळं सांगितलं. धरणात बुडालेल्या मणिबेलीला होडीतून जाताना काढलेले फोटो दिले. त्यावरून चित्रकारांनी पाण्याखाली गेलेल्या गावाचा एक टप्पा उभा केला, खेळाडूंना तो फार सुंदर वाटतो. आणि बसणाऱ्या माणसाच्या आवाजासाठी मी मामाला बोलावून घेतलं.

तो आनंदाने आला. माडीवरच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून मी चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या होत्या, त्या बघून हसला. मी माइक समोर धरला आणि म्हणालो, मामा, बोल. तो म्हणाला, कोणाला? मी म्हणालो, असंच, यात बोलायचं. त्याला जमेना. तीन-चारदा म्हणाला, पण ते शाळेतल्या पोराने कविता म्हटल्यासारखं आलं. शेवटी त्याने मला कोपऱ्यातला बांबू घ्यायला लावला आणि माझ्यावर उगार म्हणाला. मी उगारला. तो फरशीवर बसला, माझ्याकडे वर बघितलं आणि बोलला. आधी अहिराणीत, मग भिलीत. माझ्या हातातला बांबू आपोआप खाली आला. गेममध्ये तोच भिलीतला आवाज आहे.

मग कागद. आवाजाचे सगळे हक्क, कायमचे, असं इंग्रजीत दोन पानं. नुसती कंपनीची पद्धत आहे मामा, असं मी म्हणालो आणि बोट ठेवून दाखवलं कुठे सही करायची ते. प्रौढ शिक्षणात शिकलेली त्याची सही, एकेक अक्षर वेगळं काढून त्याने केली. वडिलांनी अकरा वर्षांत त्याच्याशी एकही कागद केला नव्हता, सगळी तोंडी बोली. कागद मी केला. शिकलेला ना मी.

टेस्टिंगला पुण्याला गेलो. काचेच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे दहा-बारा खेळणारी मुलंमुली. पहिला शत्रू बसला, मामाचा आवाज आला, आणि खेळणाऱ्याने सरळ तलवार घातली. दुसऱ्यानेही तेच. तिसऱ्या मुलीने जरा थांबून बघितलं, मग चार पावलं मागे सरकून लांबून बाण मारला. एकजण सोडला तर सगळ्यांनी मारलं. जो थांबला, तो चहाचा कप उचलायला थांबला होता. आणि लगेच पुढच्या वळणावर सगळा पाडा अंगावर आला तेव्हा ही मंडळी भडकली. आम्ही काय केलं? न सांगता शिक्षा कशाची?

मला तिथे उभ्याउभ्या कळलं की गाढवपणा कोणाचा आहे. मी कुठेच सांगितलं नव्हतं. एक पाटी नाही, एक इशारा नाही. उडी कशी मारायची, ढाल कशी धरायची, हे सगळं आम्ही खेळाडूला शिकवतो. बसलेल्याला मारायचं नसतं हे शिकवावं लागेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. ते मला हात धुऊन जेवायला बसण्याइतकं साधं वाटत होतं. त्या मुलांचंही काही चुकलं नव्हतं. त्यांनी आयुष्यभर खेळलेल्या गेममध्ये गुडघ्यावर आलेला शत्रू उठून पोटात सुरा खुपसतो. ती शहाणी होती, अडाणी मी.

मग आम्ही पाटी टाकली, इशारा टाकला, बसलेल्याभोवती उजेड टाकला. काही उपयोग झाला नाही. गेम बाजारात आला आणि पहिल्याच आठवड्यात जे काही ऐकलं ते विचारू नका. रंगात आलेली मारामारी अर्ध्यावर तुटते. मी जिंकत असताना हा बसतो कसा? मला याला हरवायचं आहे, याच्याशी गप्पा मारायच्या नाहीत. उगारलेला हात हवेत असतानाच हा बसला, वार पडला, आता सगळा डोंगर माझ्यामागे. एकाने लिहिलं होतं, ज्याने ही मारामारी बनवली त्याने आयुष्यात कधी कोणाला एक थप्पड तरी मारली आहे का? स्टार घसरले. कंपनीतून दोन जणांना काढलं. तिसरं नाव कोणाचं असेल ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

आमच्या वरिष्ठ बाई सरळ बोलणाऱ्या. त्यांनी फोनवर सांगितलं की लोकांना बसलेला माणूस खुपत नाही, त्याचा मोबदला मिळत नाही हे खुपतं. तो बसतो ना, बसू दे. बसणं छान दिसतं, आवाज तर अंगावर काटा आणतो, तो अजिबात काढायचा नाही. फक्त तो बसला की एक बटण पेटू दे. दाबलं की शेवटचा घाव. आणि दुप्पट गुण.

मी नाही म्हणालो नाही. विचार करतो असंही म्हणालो नाही. मी म्हणालो, दोन दिवसांत देतो, आणि एका दुपारीच दिलं. सगळं आधीच तयार होतं ना. बसणं तयार, आवाज तयार, कॅमेरा जवळ जाणं तयार. बोलण्याचं बटण काढून तिथे घावाचं बटण लावायचं, एवढंच काम. पण मी तेवढ्यावर थांबलो नाही. वाक्य संपल्यावर लगेच घाव पडला तर मजा येत नाही, हे माझ्या लक्षात आलं. म्हणून मध्ये श्वासभर थांबवलं. 'आता बोलू' म्हणून तो वर बघतो, एक क्षण काहीच होत नाही, कंट्रोलर हातात हलकासा थरथरतो, आणि मग घाव. तो एक क्षण जमवायला मी ते बटण किती वेळा दाबलं असेल याची मोजदाद नाही. जमलं तेव्हा मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, झाला.

आठवड्याभरात तक्रारी थांबल्या. स्टार चढले. लोकांनी त्या घावाच्या क्लिपा करून टाकल्या, त्याला गाणी लावली. मामाचं वाक्य कोणाला कळत नव्हतं, पण त्याचा सूर सगळ्यांच्या तोंडी बसला. घाव घालायच्या आधी लोक ते वाक्य वेडंवाकडं म्हणू लागले. माझी नोकरी राहिली आणि पद वाढलं. आईने पेढे वाटले.

क्लिपा फिरतफिरत खापरच्या बाजारात पोचायला असा किती वेळ लागणार? तिथल्या एका मोबाइलच्या टपरीवर मामाने स्वतःचा आवाज ऐकला. पोरं घोळक्याने बघत होती आणि हसत होती. तिथे ती भाषा सगळ्यांनाच कळते. पोरांना तर ते जास्तच मजेचं वाटलं, आपल्या बोलीतला माणूस फोनमध्ये मरतोय म्हणून. मामाला तेव्हा पुरतं समजलं नाही, असं तो नंतर म्हणाला. आपला आवाज आहे एवढं समजलं आणि बरंही वाटलं.

समजलं ते पुढच्या महिन्यात. पाड्यावर एका लग्नात दोन भावकींची जुंपली. मामा नेहमीसारखा मध्ये गेला, बसला, बोलला. आणि मागून कोणीतरी घाव पडल्याचा तो आवाज तोंडाने काढला. पाच-सात पोरं हसली. हसणं ऐकून मोठेही हसले. कोणी बसलं नाही. लाठ्या त्याच्या डोक्यावरून चालत राहिल्या आणि तो खाली धुळीत तसाच बसून होता. शेवटी तो स्वतःच उठून बाजूला झाला. त्या दिवशी एकाचं डोकं फुटलं आणि पोलीस आले. आता दोन्ही भावकी तारखांना अक्कलकुव्याला जातात. गेममुळेच झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही. दारू होती, जुनं वैर होतं, पोरं शिकून बाहेर पडलीत, म्हाताऱ्यांचं आता कोण ऐकतं? असली सगळी कारणं मी स्वतःला मोजून दाखवलीत. एकही पुरलं नाही.

हे सगळं त्याने मला माझ्याच खोलीत सांगितलं. दोन गाड्या बदलून सकाळी अकराच्या सुमाराला आला होता. रागावलेला नव्हता. सांगून झाल्यावर म्हणाला, मला दाखव. पोरांच्या फोनवर नको, तुझ्याकडे मोठं असेल ना, त्याच्यावर दाखव.

मी त्याला खुर्ची दिली आणि गेम लावला. डोंगराचा टप्पा. तो निरखून बघत होता. कामठं बरोबर धरलंय म्हणाला, झाडं मोहाची नाहीत म्हणाला. मी लढलो, समोरचा माणूस खाली आला, मांडी घालून बसला. मामाचा आवाज खोलीत भरला. खाली बटण पेटलं. मी दाबलं नाही. न दाबल्यावर पडद्यावरचा माणूस तसाच बसून राहतो आणि थोड्याथोड्या वेळाने तेच वाक्य परत म्हणतो, तसं मीच लावलेलं आहे. दोनदा झालं, तीनदा झालं.

मामा म्हणाला, "तो बठेल शे ना? मंग बोलानं बटन कोठे शे?"

मी म्हणालो, ते काढून टाकलं.

"कोनी?"

"मी."

त्याने मान हलवली. पडद्यावरच्या माणसाने चौथ्यांदा तेच म्हटलं. मला ते ऐकवेना. आवाज बंद करता आला असता, गेम बंद करता आला असता, वायर उपटता आली असती. अंगठा सवयीने बटणावर गेला आणि मी दाबलं. तो क्षणभराचा थांबा, ती थरथर, घाव. सगळं उत्तम जमलेलं. वर दुप्पट गुण चमकले.

मी झटकन उठून उभा राहिलो. मामाही खुर्चीवरून उठला. मला वाटलं, निघाला. तो खुर्ची बाजूला सारून माझ्यासमोर फरशीवर बसला, मांडी घालून. नुसता बसला आणि माझ्याकडे वर बघत राहिला.

लहानपणी त्याच्या झोपडीत वाढलेल्या मला याचा अर्थ कळत नव्हता असं नाही. मी खाली बसायचं होतं. बसलो असतो तर बोलावं लागलं असतं, केलं ते केलं म्हणावं लागलं असतं, आणि तो म्हणेल तो दंड कबूल करावा लागला असता. तो दंड काय असेल तेही मला माहीत होतं. कंपनीला सांग, हा आवाज काढा, नाहीतर मी काम सोडतो. एवढाच. त्याने दुसरं काही मागितलं नसतं.

"मामा, ऊठ ना," मी म्हणालो. "आशे काय करस?"

तो उठला नाही. मग मी बोलत सुटलो, उभ्याउभ्या. कागदावर तुझी सही आहे, हक्क कंपनीचे आहेत, माझ्या हातात काही नाही. मी मेल करून बघतो, पुढच्या अपडेटमध्ये काही होतंय का विचारतो. तुला आणखी पैसे मिळवून देतो. लोक विसरतील, दर महिन्याला नवा गेम येतो. मधेच मी मराठीवर गेलो, मधेच इंग्रजी शब्द यायला लागले. तो सगळं ऐकून घेत होता. मी थांबलो की तो वाट बघायचा, आणि ती वाट बघणं सहन होईना म्हणून मी परत बोलायचो. माझे वडील बांधावरून ओरडायचे तसा मी दिसत असेन.

बऱ्याच वेळाने त्याने गुडघ्यावर हात दिला आणि स्वतःच उठला. "आते मी जास," म्हणाला. खाली आईने जेवायला थांबवलं, तर एसटी चुकेल म्हणाला. आईची तब्येत विचारली, गोठ्यातल्या वासराच्या पाठीवरून हात फिरवला आणि फाट्याकडे चालू लागला. त्याला फाट्यापर्यंत सोडायला मी गेलो नाही.

चारला पुण्याची मीटिंग होती. पुढच्या भागात बसणारी माणसं जास्त हवीत, लोकांना ती फार आवडतात, असं ठरलं. मी वेळेवर हजर होतो.